वरचे पाणी, आतले पाणी

दिल्लीचा हिवाळा सरत आला, की राजधानीच्या रस्त्यांवर एक आगळी मिरवणूक निघते. ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ मध्ये सुरू केलेली जुन्या मोटारींची फेरी हा दिल्लीकरांच्या जिव्हाळ्याचा सोहळा आहे. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन येतात, तरुण मंडळी छायाचित्रे काढतात आणि साठ-सत्तर, प्रसंगी शंभर वर्षांच्या मोटारी मंद गतीने समोरून जातात. या गर्दीकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रेक्षक प्रथम गाडीच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. जुन्या मोटारीचा चेहरा म्हणजे तिच्या रेडिएटरची चौकट. रोल्स-रॉईसची देवळाच्या दर्शनी भागासारखी उभी चौकट असो किंवा बुगाटीची घोड्याच्या नालासारखी, गाडीची ओळख तिथेच पटते. त्या चौकटीत आपले प्रतिबिंब दिसले, की प्रेक्षक संतुष्ट होतो आणि मालकही.

मराठीत मुलाम्याला ‘पाणी’ म्हणतात. पितळेच्या बांगडीला सोन्याचे पाणी दिले, असे सहज बोलले जाते. जुन्या मोटारीच्या शीतनयंत्रणेला अशी दोन पाणी असतात. एक वरचे, म्हणजे निकेल किंवा क्रोमचे, डोळ्यांना सुखावणारे. दुसरे आतले, म्हणजे नळ्यांमधून खेळणारे, इंजिनाचा दाह शमवणारे आणि कोणालाही न दिसणारे. जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धारात पहिल्या पाण्यावर पैसा सढळ हाताने खर्च होतो आणि दुसऱ्याची आठवण गाडी रस्त्यात वाफ ओकू लागल्यावर होते. हा क्रम उलटा आहे. तो सुलटा करणे हे गाडीच्या, मालकाच्या आणि कारागिराच्याही हिताचे आहे.

आगीचा बंब आणि घरचा बंब

दिल्लीच्या चाणक्यपुरीत १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तेथील इंजिने आणि डबे पाहण्यासाठी लोक जातात, पण त्या संग्रहात रुळांवर न चालणारे एक वाहनही आहे. ते म्हणजे १९१४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथे जॉन मॉरिस या कंपनीने बांधलेला आगीचा बंब. भरीव रबरी धावांचा हा बंब निझामाच्या रेल्वेच्या सेवेत होता. मराठी वाचकाला ही रेल्वे परकी नाही. मनमाडहून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड या मार्गे सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग तिच्याच अखत्यारीत होता. मराठवाड्याच्या किती तरी पिढ्यांनी त्या गाड्यांतून प्रवास केला. त्याच रेल्वेचा हा बंब आता दिल्लीत मुक्कामाला आहे आणि स्टेट्समनच्या फेरीत स्वतःच्या बळावर चालत जाऊन त्याने अनेकदा बक्षिसेही मिळवली आहेत.

या बंबाचे मोल त्याच्या वयाइतकेच त्याच्या चालण्यात आहे. शतकाहून जुने यंत्र जेव्हा स्वतःच्या इंजिनावर रस्ता कापते, तेव्हा त्याच्या पोटात पाणी नीट खेळत असते, एवढे निश्चित. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता चाकांपर्यंत पोहोचतच नाही. ती धुराबरोबर बाहेर जाते किंवा धातूत साठते. धातूत साठलेली ही उष्णता काढून नेली नाही, तर दट्ट्या आणि नळकांडे एकमेकांना चिकटून यंत्र काही मिनिटांत निकामी होते. इतरांची आग विझवणाऱ्या बंबालाही स्वतःचा दाह शमवण्यासाठी पाणी लागते.

बंब हा शब्द मराठी घराला दुसऱ्या अर्थानेही परिचित आहे. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात मधोमध एक नळी असते. तिच्यात विस्तव आणि सभोवती पाणी. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून मूठभर कोळशावर सबंध घराच्या अंघोळी उरकत. मोटारीचा रेडिएटर म्हणजे हाच बंब उलटा केलेला. बंबात विस्तवाची उष्णता धातूतून पाण्यात शिरते, रेडिएटरमध्ये पाण्याची उष्णता धातूतून वाऱ्यात जाते. ज्या घरातील बंबात वर्षानुवर्षे जड पाणी तापले, त्या घराला आतल्या पांढऱ्या थराचीही ओळख असते. थर वाढला, की कोळसा अधिक लागतो आणि पाणी उशिरा तापते. बाहेरून चिंचेने घासून लख्ख केलेला बंबसुद्धा आतून असा गुदमरलेला असू शकतो. रेडिएटरची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही.

रेडिएटरच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान कोल्हापूरकरांना जवळचे वाटावे. तेथील शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते आणि ती पाहण्यासाठी गर्दी लोटते. ज्या विल्हेल्म मेबॅक यांचे नाव त्या मोटारीने धारण केले आहे, त्यांनीच १९०० मध्ये मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर तयार केला. त्यात ८०७० बारीक नळ्या एकमेकींशी झाळलेल्या होत्या. वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग वाढला, थोड्या पाण्यात अधिक उष्णता निघून जाऊ लागली आणि मोटारीला वेग पेलता येऊ लागला. पुढच्या अनेक दशकांत रचना बदलत गेल्या, पण तांब्याच्या पातळ पट्ट्या, पितळी नळ्या, वर-खाली पितळेच्या टाक्या आणि शिसे-कथिलाच्या मिश्रणाने झाळलेले सांधे ही मांडणी टिकली. भारतात बनलेल्या ॲम्बॅसडर आणि फियाट मोटारींमध्येही हीच मांडणी होती.

धातूचा स्वभाव

जुनी गाडी जीर्णोद्धारासाठी उघडली, की शीतनयंत्रणेतील नाना धातू समोर येतात. रेडिएटर तांब्या-पितळेचा, वॉटर पंपाचा देह बहुधा बिडाचा, थर्मोस्टॅटचे झाकण अनेकदा ॲल्युमिनियमचे, पंख्याची पाती पोलादी, तर पाणी नेणारे काही जोडनळ पितळी किंवा पत्र्याचे. या सर्वांना नवी झळाळी एकाच उपायाने देण्याचा मोह होतो. सारे भाग एकाच आम्लात बुडवायचे, एकाच वाळूच्या माऱ्याखाली धरायचे आणि एकाच रंगात रंगवायचे. वेळ वाचतो, पण धातूचा स्वभाव ध्यानात न घेता केलेले हे काम त्याच्या आयुष्यावर उठते.

ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात घातले, तर ते स्वच्छ होत नाही, विरघळू लागते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. पितळ तीव्र आम्लात अधिक काळ राहिले, तर त्यातील जस्त निघून जाते. मागे उरतो तो गुलाबी छटेचा, सच्छिद्र आणि ठिसूळ धातू. तो दिसतो नवा आणि मोडतो लवकर. बिडाचा पंप वाळूच्या माऱ्याने उत्तम स्वच्छ होतो, मात्र तोच मारा रेडिएटरच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांवर केला, तर त्या वाकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते. वाळूचे कण बेअरिंगच्या जागी अडकले, तर पंप महिन्याभरात किरकिरू लागतो. शिवाय वाळूच्या माऱ्यात उडणारी सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात कायमची बसते. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या आजारात फुप्फुसाची झालेली हानी भरून निघत नाही. गाडीच्या शोभेसाठी कोणाचा श्वास खर्ची पडू नये.

रंगाचेही तसेच. रेडिएटरला काळा रंग देण्याची प्रथा जुनी आहे आणि योग्यही आहे, पण तो थर अतिशय पातळ असावा लागतो. जाड, तुकतुकीत रंग म्हणजे धातूला घातलेली गोधडी. ज्या पृष्ठभागाने उष्णता बाहेर टाकायची, त्यालाच ऊब दिली जाते. अलीकडे पावडर कोटिंगचा पर्याय लोकप्रिय झाला आहे. पंख्याची पाती, कंस, पट्ट्या यांसाठी तो चांगलाच आहे. मात्र ही पावडर पक्की करण्यासाठी भट्टीचे तापमान बहुधा १६० ते २०० अंश सेल्सिअस असते आणि शिसे-कथिलाची झाळ १८३ अंशांपासून वितळू लागते. झाळलेला पितळी रेडिएटर अशा भट्टीत गेला, तर तो बाहेर येताना सुंदर दिसेल, पण पाणी धरील याची हमी कोणीच देऊ शकणार नाही.

झळाळीचे खरे मोल

आता वरच्या पाण्याकडे वळू. क्रोमचा मुलामा हा मोटारींच्या जगात तुलनेने उशिरा आलेला पाहुणा आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो मोटारींवर रुळू लागला. त्यापूर्वीच्या गाड्यांवर निकेलचा मुलामा असे, किंवा चौकट घासून चमकवलेल्या पितळेची अथवा जर्मन सिल्व्हरची असे. निकेलची छटा किंचित पिवळसर, उबदार, चांदीच्या जुन्या ताटासारखी. क्रोमची छटा निळसर आणि थंड. जाणकाराला हा फरक दुरूनही कळतो. १९१४ च्या वाहनावर क्रोमची चौकट चढवणे म्हणजे पेशवाईतील पात्राच्या मनगटावर विजेरीवर चालणारे घड्याळ बांधणे होय. दिसायला ते भारी दिसेल, पण इतिहास खोटा ठरेल.

चांगल्या क्रोमकामात क्रोम सर्वांत कमी असतो, ही बाबही फारशी ठाऊक नसते. आधी तांब्याचा थर, त्यावर निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमचा अतिशय पातळ पापुद्रा अशी ही रचना असते. टिकाऊपणा खालच्या थरांत असतो, वरचा पापुद्रा निकेलला काळवंडू देत नाही एवढेच. घाईने काम करणारा खालचे थर वाचवतो आणि वरची चमक दाखवतो. दोन पावसाळ्यांत पोपडे निघू लागतात. मुलामा देण्यापूर्वी जुनी चौकट यंत्राने घासली जाते, तेव्हा प्रत्येक वेळी मूळ धातूही थोडा जातो. तीन-चारदा असे झाले, की कडा बोथट होतात आणि उठावाची अक्षरे पुसट होतात. झळाळी वाढत जाते आणि वस्तू कमी होत जाते, असा हा व्यवहार आहे.

या झळाळीची एक किंमत गाडीबाहेरही मोजावी लागते. पारंपरिक क्रोमकामाच्या द्रावणात षट्संयुजी क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे आणि त्याच्या वाफांनी कामगाराच्या नाकाची त्वचा झडते, हातांवर व्रण होतात. धातूकामाचे सांडपाणी प्रक्रियेविना नाल्यात सोडले, की ते शेवटी यमुनेला जाऊन मिळते. दिल्ली परिसरातील आम्लधुणीच्या आणि मुलाम्याच्या कारखान्यांचा प्रश्न म्हणूनच वारंवार हरित न्यायाधिकरणापुढे आला. ज्या मालकाला आपल्या गाडीच्या वारशाची चाड आहे, त्याने काम देताना दर विचारावा तसाच सांडपाण्याचा परवानाही विचारावा. जो कारखाना परवाना दाखवतो त्याचा दर थोडा अधिक असेल, पण स्वस्त झळाळीचा उरलेला खर्च नदीच्या खात्यावर मांडलेला असतो आणि ते खाते सर्वांच्या नावावर आहे.

मूळ रूप म्हणजे काय?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाची दुचाकी व चारचाकी वाहने, जी मूळ रूपात आहेत आणि ज्यांच्या सांगाड्यात, बाह्य देहात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, ती या नियमांनी ‘व्हिंटेज’ ठरली. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आणि दहा वर्षांची मुदत अशी व्यवस्था झाली. रोजच्या वा व्यावसायिक वापराला मनाई, मात्र प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधनभरणा यांसाठी रस्त्यावर आणण्यास मुभा. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या नियमांचे महत्त्व अधिक आहे. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतर तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आले आणि त्यांच्या अंमलबजावणीचा वाद २०२५ मध्येही न्यायालयात चालू राहिला. अशा वातावरणात जुनी गाडी बाळगायची, तर ती निव्वळ जुनी असून भागत नाही. ती वारसा आहे, हे तिच्या देहातूनच पटावे लागते.

नियमाने रेडिएटरचे नाव घेतलेले नाही, हे खरे. पण नियमाचा आशय ‘मूळ रूप’ या दोन शब्दांत आहे आणि गाडीच्या चेहऱ्यामागचा भागच परका असेल, तर त्या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. हरियाणातील तावडू येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये जाणारा शाळकरी विद्यार्थी जुन्या मोटारीकडे पाहतो, तेव्हा पाण्याने इंजिन कसे निवत असे, हेही त्याला कळायला हवे. बॉनेटखाली आजचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि विजेचा पंखा असेल, तर तो धडा हरवतो.

याला एक सबळ आक्षेप आहे आणि तो नाकारण्याजोगा नाही. दिल्लीचा पारा मे-जूनमध्ये ४५ अंशांच्या घरात जातो. चौकाचौकांत गाड्या तिष्ठत उभ्या असतात. जुन्या शीतनयंत्रणेचा हिशेब वाहत्या वाऱ्यावर बसवलेला होता, खोळंबलेल्या वाहतुकीवर नव्हे. मग मालकाने ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवून इंजिन वाचवले, तर त्याचे काय चुकले? उत्तर असे, की जी गाडी नियमितपणे चालवायची आहे, तिच्यात असा बदल करण्यास हरकत नसावी. अट एकच, तो बदल परत फिरवता यावा. नवा भाग जुन्या जागेवर, जुन्याच भोकांत बसावा, सांगाडा कापू नये आणि मूळ रेडिएटर भंगारात न देता स्वच्छ व कोरडा करून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा. वारसा जपणाऱ्याने पुढच्या पिढीचा निर्णय स्वतःच घेऊन टाकू नये.

शिवाय गाडी तापते तेव्हा दोष बहुधा मूळ रचनेचा नसतो, साचलेल्या थराचा असतो. महाराष्ट्राच्या स्मरणातले एक दृश्य येथे बोलके ठरेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या फियाट गाड्या कधी काळी बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या दिसत. शेजारी पाण्याचा डबा घेतलेला कुटुंबप्रमुख. पुष्कळांनी तो गाडीचा स्वभावच मानला. परंतु त्याच घाटातून तेच प्रतिमान कोठेही न थांबता वर जातानाही दिसे. फरक असे तो रेडिएटर वेळेवर धुतला गेला आहे की नाही, एवढाच. त्या गाडीच्या बिडाच्या इंजिनावर ॲल्युमिनियमचे डोके असे. एकदा ते अति तापून वाकले, की गॅस्केट जाई आणि जी दुरुस्ती थोडक्यात टळली असती ती इंजिन उघडण्यापर्यंत पोहोचे.

आतल्या पाण्याची निगा

म्हणून जीर्णोद्धाराचा आरंभ आतून व्हावा. रेडिएटर उतरवून, त्यातून उलट्या दिशेने पाणी सोडून गाळ काढावा. पांढरा थर असेल तर सौम्य सायट्रिक आम्लाने तो विरघळवावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. नळ्या पक्क्या तुंबल्या असतील, तर वरची टाकी झाळ सोडवून काढावी, नळ्यांतून पातळ पट्टी फिरवून वाट मोकळी करावी आणि टाकी पुन्हा झाळावी. मग पाण्यात बुडवून, मूळ यंत्रणेला झेपेल एवढ्याच दाबाची हवा भरून गळती पाहावी. इंजिनाच्या पोटातील पाण्याच्या वाटा, गंजलेली पत्र्याची बुचे, कडक झालेल्या रबरी नळ्या हेही याच वेळी तपासावे. इतके झाल्यावर रंग आणि मुलामा.

राजधानी परिसरातील अनेक वसाहतींत विंधनविहिरीचे पाणी जड असते. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतणे म्हणजे दर खेपेला थोडा चुना ओतणे. ऊर्ध्वपातित पाणी वापरले, तर हा प्रश्न मुळातच टळतो. कूलंटचे काम केवळ गोठण रोखण्याचे नाही. दिल्लीत इंजिनातले पाणी गोठण्याची वेळ सहसा येतही नाही. त्यातील गंजरोधक द्रव्ये बीड, पितळ, ॲल्युमिनियम आणि झाळ या चौघांना एका पाण्यात नांदवतात. मात्र आजच्या गाड्यांसाठी बनलेला प्रत्येक कूलंट शिशाच्या झाळीला मानवेलच असे नाही. डब्यावर तांब्या-पितळेच्या रेडिएटरचा उल्लेख आहे का, हे पाहूनच तो घ्यावा. कूलंटमधील इथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असते. जुना कूलंट अंगणात ओतला, तर मूल किंवा कुत्रे त्याला बळी पडू शकते.

टोपणाच्या बाबतीतही सबुरी हवी. टोपणाने दाब राखला, की प्रत्येक पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. हे कळले, की अधिक दाबाचे टोपण बसवण्याची इच्छा होते. परंतु ज्या जुन्या रेडिएटरची घडण बिनदाबाच्या पाण्यासाठी झाली, त्याच्या सांध्यांवर हा भार टाकणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर हमालाचे ओझे देणे होय.

बँकेच्या ग्राहकाला हा विषय आणखी एका अंगाने समजून घेता येईल. जुन्या वाहनांच्या विम्यात वाहनाचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरवता येते. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने १९४० च्या अखेरीपूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या खाजगी मोटारींसाठी तशी तरतूद केली होती. पण विमा अपघाताची भरपाई देतो. झीज, गंज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई नेहमीच्या मोटार विम्यात मिळत नाही. तुंबलेल्या रेडिएटरमुळे गेलेले इंजिन हे मालकाचेच नुकसान. म्हणजे वरच्या पाण्यावरचा खर्च हा शोभेचा आणि आतल्या पाण्यावरचा खर्च हा भांडवलाच्या रक्षणाचा. ताळेबंदात या दोहोंची जागा एक नाही.

हातांची किंमत

हे सारे काम करणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. काश्मिरी गेटचा सुट्या भागांचा बाजार असो वा मायापुरीचा जुन्या भागांचा, जुना पितळी रेडिएटर उघडून पुन्हा झाळणारा कारागीर आता शोधावा लागतो. कारण उघड आहे. नव्या गाड्यांचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आणि कडा दाबून बसवलेल्या. ते बिघडले की बदलतात, झाळत नाहीत. मराठी माणसाने हे स्थित्यंतर एकदा पाहिलेले आहे. स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि दारोदार हाक देणारा कल्हईवाला दिसेनासा झाला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्यावर पडणारे घाव अजून ऐकू येतात, पण पूर्वीची घरोघरची गरज आता शोभेच्या वस्तूंवर येऊन ठेपली आहे. कल्हईवाल्याचा नवसागर आणि कथील, रेडिएटर कारागिराची शिसे-कथिलाची कांडी, दोघांचे शास्त्र एकाच घराण्यातले. धातू किती तापला हे रंगावरून आणि वासावरून ओळखण्याची विद्या पुस्तकातून येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारे आणि सवलतीचे कर्ज मिळते. त्या यादीत लोहार आहे, सोनार आहे, कुलूप बनवणारा आहे. रेडिएटर झाळणारा तीत स्वतंत्रपणे नाही. त्याचा व्यवसाय पारंपरिक मानावा इतका जुना नाही आणि आधुनिक मानावा इतका नवा नाही, अशा सांदीत तो सापडला आहे. मुद्रा कर्जाचा मार्ग त्याला खुला असतो, पण छोट्या दुकानाचा हिशेब वहीत नसून डोक्यात असतो, त्यामुळे बँकेच्या दारापर्यंत तो पोहोचतोच असे नाही. शिशाच्या वाफा ओढून घेणारा पंखा, चाचणीची टाकी, हातमोजे आणि मुखपट्टी एवढ्याने त्याच्या कामाचा दर्जा आणि त्याचे आयुष्य दोन्ही सुधारतील. शाखेतील अधिकाऱ्याने अशा दुकानाकडे भंगाराच्या शेजारचा टपरीवाला म्हणून न पाहता दुर्मीळ कौशल्याचा धनी म्हणून पाहावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

मालकांनाही यात करण्याजोगे पुष्कळ आहे. रेडिएटरच्या कामाचे देयक रीतसर घ्यावे, काम कोणी आणि केव्हा केले याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी आणि मोबदला देताना मुलाम्याच्या दराशी त्याची तुलना करावी. चौकट चमकवणाऱ्याला जितके दिले जाते, तितके ती गाडी चालती ठेवणाऱ्याला का देऊ नये? फेऱ्यांच्या संयोजकांनी एखादे पारितोषिक चालकाला आणि मालकाला देतानाच गाडी घडवणाऱ्या कारागिराच्या हाती द्यावे. मंचावर त्याचे नाव पुकारले गेले, तर त्याच्या मुलाला ही विद्या शिकावीशी वाटण्याचा संभव आहे.

झळाळी वाईट नाही. देवघरातली समई घासून लख्ख असावी, यात कोणाचे दुमत नाही. पण समईत तेल नसेल, तर ती लख्ख असून काय उपयोग? चाणक्यपुरीतला तो १९१४ चा बंब फेरीला निघतो, तेव्हा लोक त्याच्या लाल रंगाकडे आणि चमकत्या पितळेकडे पाहून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या थांबल्यावरही तो बंब चालत राहतो आणि फेरी पुरी करून परत जागेवर येतो, ते आतल्या पाण्यामुळे आणि ते खेळते ठेवणाऱ्या हातांमुळे. त्या हातांचा हिशेब आधी चुकता व्हावा, मुलाम्याचा नंतर.